जळालेली सराय आणि गाडीवाल्याचा रस्ता

हेडफोन घातलेत ना? आज तुम्हाला अमेरिकेतल्या बोस्टनच्या पश्चिमेला, सडबरी गावात नेतेय. तिथे 'वेसाइड इन' नावाची सराय आहे. 1716 साली डेव्हिड हाऊ या माणसाने वाटसरूंना उतरवून घ्यायचा परवाना काढला आणि राहत्या घरातच खाणावळ थाटली. त्याच्यासकट घरातल्या चार पिढ्यांनी ती चालवली. मुलगा इझिकिएल तर 19 एप्रिल 1775 ला गावकऱ्यांना घेऊन इंग्रजांशी लढायला कॉनकॉर्डला गेला होता.

शेवटचा वारस लायमन हाऊ. लग्न केलं नाही, 1861 मध्ये वारला आणि सरायीचा धंदा थांबला. गंमत बघा, पुढच्याच वर्षी कवी लाँगफेलो तिथे येऊन गेला आणि 1863 मध्ये त्याचं पुस्तक आलं: सरायीत जमलेली मंडळी शेकोटीभोवती एकेक गोष्ट सांगतायत. म्हणजे ही जागा जगप्रसिद्ध झाली तेव्हा तिथे वाटसरूंसाठी सराय चालूच नव्हती! 'वेसाइड इन' हे नावसुद्धा या पुस्तकामुळेच चिकटलं.

मग 1923 मध्ये ती विकत घेतली हेन्री फोर्डने. हो, तोच मोटारवाला. इतिहास म्हणजे बहुतेक भंकस, असं 1916 मध्ये म्हणणारा. त्याने इथे दुसऱ्या गावातली जुनी शाळा उचलून आणली, पाणचक्की बांधली, 1940 मध्ये चर्चही बांधलं. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. सरायीच्या दारावरून बोस्टनचा हमरस्ता जायचा. मोटारींची वर्दळ फार वाढली, म्हणून फोर्डने स्वतःच्या खर्चाने बाहेरून वळणरस्ता काढून दिला. मोटारी विकणाऱ्यालाच मोटारींचा त्रास! आज तुम्ही तिथे उभे राहिलात, तर ती शांतता त्याचीच कृपा.

आणि डिसेंबर 1955 मध्ये सराय पेटली. आतलं बरंचसं जळून गेलं. फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून ती पुन्हा उभी राहिली, 1958 मध्ये दारं उघडली.

माझा मामेभाऊ तिकडेच राहतो. जेवताना म्हणाला, "ताई, मग हे जुनं कसलं? सगळं डुप्लिकेट!" मी गप्प बसले. समोर चक्कीच्या पिठाचे पाव होते आणि मेनूत 'इंडियन पुडिंग'. आपला काही संबंध नाही हं त्याच्याशी. तिकडे मक्याला पूर्वी 'इंडियन' म्हणायचे. मक्याचं पीठ, दूध आणि काकवीसारखा पाक, मंद आचेवर तासन्तास शिजवलेलं. भावाने दोनदा मागवलं, डुप्लिकेट असूनही.

खोल्या फक्त दहा. एसी आहे, खोलीतच बाथरूम आहे, गरम पाणी धो-धो. पण जमीन पावलागणिक करकरते. टेबलाचा खण उघडला तर आत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. पाहुणे लपवून ठेवतात, पुढच्यांनी वाचायच्या. एका मुलाने आजीसोबतच्या मुक्कामाबद्दल लिहिलं होतं, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात.

भावाला उत्तर मला रात्री सुचलं. वाड्यातल्या एकालाही फोर्डइतके पैसे नव्हते, हे खरंय. पण आमच्या आजोळच्या वाड्याला आग लागलीच नव्हती. आम्हीच सह्या केल्या. दारावरची गणेशपट्टीसुद्धा कुणी घरी नेली नाही.

मीही मराठीत एक चिठ्ठी लिहिली. वाड्याचा पत्ता, चौकातला हौद, आजीची माजघरातली जागा. तिथे आता बिल्डिंगचं पार्किंग आहे, हेही लिहिलं, आणि खण लावून टाकला.