सोन्नलगीच्या तळ्यावर

योगाची चटई गुंडाळून बाजूला ठेवा. आपण बाराव्या शतकातल्या सोन्नलगीत, म्हणजे आपल्याच सोलापुरात उतरतोय आणि इथं धड पाय टेकवायलाही जागा नाही. तळं खणणं चाललंय. ऊन टळटळीत, पायाखालचा मुरूम तव्यासारखा तापलेला. कुदळीचा घाव थेट कानशिलात घुमतो. घाम, शेण आणि ओली काळी माती यांचा वास एकात एक मिसळलाय. चहूकडून कानडी हाका! सरका बाजूला, नाहीतर पाटीवाल्या बाया ढकलून पुढं जातील.

एकीनं तुमच्या डोक्यावर चुंबळ ठेवलीसुद्धा. जुन्या लुगड्याच्या धडप्याचा पिळा, घामानं ओलाचिंब. वर पाटी चढते आणि मान आपसूक ताठ होते. कणा सरळ, नजर समोर, पावलागणिक श्वास. काही खेपा झाल्या की मनातली बडबडही थांबते. जमला की योग, असं वाटतं. थांबा, एवढी घाई नको.

दुपारी कडुलिंबाखाली ज्वारीची भाकरी, कांदा, गाडग्यातली आंबील. शेंगाचटणी मागू नका. भुईमूग आणि मिरची या मुलखात यायला अजून काही शतकं आहेत.

तेवढ्यात गलका उठतो. काठावर उभा राहून एक फिरस्ता, हे तळं खणवणाऱ्या शिवयोगी सिद्धरामांना 'अरे माती खणणाऱ्या' अशा थाटात पुकारतोय. हा फिरस्ता म्हणजे शरण संत अल्लमप्रभू. शेजारचा गडी दगड उचलतो. तुमच्याही मुठीत दगड आलाय, बघा. कथा सांगते, दगडांचा वर्षाव झाला, पण अल्लमांना काही इजा झाली नाही. मग खुद्द सिद्धराम खवळले, डोळ्यांतून आग निघाली. गावासाठी तळं खणणारा, लिंगं स्थापणारा हा तपस्वी, आणि एका हाकेनं पेटला!

मला मोलाचं वाटतं ते पुढचं. सिद्धराम शांत होतात, अल्लमांचं ऐकून घेतात. एवढं पुण्यकर्म करूनही 'हे मी केलं' म्हणणारा त्यांच्या आत शिल्लक होता. आसन, श्वास, कष्ट, सगळी साधना त्या 'मी'ला गाठण्यासाठीच असते. अवघड खणती तिथून पुढं. त्यासाठी सिद्धराम अल्लमांबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या अनुभवमंटपात, शरणांच्या चर्चासभेत जाणार आहेत.

तुमच्या मुठीतला दगड अजून तसाच आहे. टाका तो पाटीत आणि चला, मागं रांग खोळंबलीय.