सामोआतल्या बायकांना तारणाशिवाय कर्ज कसं मिळतं?

जमीन आहे, पण गहाण ठेवता येत नाही. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशात साधारण 80 टक्के जमीन कुळांच्या सामायिक मालकीची आहे. ती विकायला किंवा गहाण टाकायला राज्यघटनेचीच मनाई. मग शिलाई मशीनसाठी कर्ज हवं असेल, तर गावातल्या बाईने तारण द्यायचं काय?

2000 साली तिथे सुरू झालेल्या 'साउथ पॅसिफिक बिझनेस डेव्हलपमेंट' या संस्थेने बांगलादेशच्या ग्रामीण बँकेची पद्धत आणली. बायकांनी गट करायचा, एकमेकींची हमी घ्यायची, आठवड्याच्या बैठकीत हप्ता भरायचा. आपल्या बचत गटाची आठवण येते ना? पण बचत गट आधी स्वतःची बचत जमवतो, इथे संस्था थेट कर्ज देते.

बिझनेसच्या विद्यार्थ्यांनी मात्र 'फाअलावेलावे' समजून घ्यायला हवं. लग्न असो वा मर्तिक, सगळ्या गोतावळ्याने पैसे आणि चटया द्यायच्याच. पुस्तकी ताळेबंदात या खर्चाला रकाना नसतो. दुकानाचा गल्ला तिकडे गेला की हप्ता थकतो आणि भार गटातल्या शेजारणीवर येतो. त्यात बेटावर गिऱ्हाईक मोजकंच. एका गावात पाचजणी पाव विकायला बसल्या, तर विकत घेणार कोण?