कीर्द, खतावणी आणि एक्स्-एम्-एल्

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. कीर्दींत दिवसाचे व्यवहार जसे घडले तसे लिहिले जात. खतावणींत तेच व्यवहार खातेवार उतरले जात. एखाद्या कुळाचें येणें काढावयाचें झाल्यास दिवाणजी सारी कीर्द चाळीत बसत नसत. खतावणीचें एक पान उघडीत. ही साधी गोष्ट संगणकाच्या आज्ञावली लिहिणारांस पुन्हां कशी शिकावी लागली, तो वृत्तान्त आज सांगावयाचा आहे.

मजकुराच्या प्रत्येक भागास नांवाची खूण लावण्याची पद्धति १९६९ सालीं आय्-बी-एम् कंपनींतील गोल्डफार्ब, मोशर व लोरी या तिघांनीं आकारास आणली. तिच्यांतून निघालेल्या एस्-जी-एम्-एल् या पद्धतीला १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ती फार अवजड होती. तिचें सुटसुटीत रूप १० फेब्रुवारी १९९८ रोजीं जाहीर झालें, तेंच एक्स्-एम्-एल्. या पद्धतीनें लिहिलेली माहिती म्हणजे एक भलीमोठी कीर्दच होय.

समजा, ग्रंथालयाच्या दोन फायली आहेत. एकींत २००० पुस्तकें, प्रत्येकापुढें लेखकाचा केवळ क्रमांक. दुसरींत ५०० लेखकांचीं नांवें व जन्मसालें. आपणांस १९०० नंतर जन्मलेल्या लेखकांचीं पुस्तकें हवीं आहेत. यांत गाळणें आहे आणि ताडून पाहणेंही आहे. भाबडी आज्ञावली हें काम फेरीच्या पोटांत फेरी घालून करते. एक पुस्तक घ्या, पांचशें लेखक पाहा. दुसरें घ्या, पुन्हां पांचशें. म्हणजे दहा लक्ष तुलना! शिवाय 'जर' आणि 'तर' यांच्या पायऱ्या अशा चढत जातात कीं, महिन्याभरानें लिहिणारालाच त्यांचा अर्थ लागूं नये.

१६ नोव्हेंबर १९९९ रोजीं एक्स्-पाथ् व एक्स्-एस्-एल्-टी या दोन भाषा बरोबरच प्रसिद्ध झाल्या. पहिलीनें गाळणें सोपें केलें. अट चौकटी कंसांत लिहावी, कीं तिच्यांत बसणाऱ्या नोंदी तेवढ्या हातीं येतात. दुसरीचे संपादक जेम्स क्लार्क. तिच्यांत 'की', म्हणजे किल्ली, नांवाची योजना होती. कोणत्या नोंदी कोणत्या खुणेनें शोधावयाच्या, एवढें एकदां सांगावें. संगणक बहुधा आपली खतावणी आपणच मांडून ठेवतो. पांचशें लेखक एकदां चाळावयाचे, आणि पुढें प्रत्येक पुस्तकामागें एकच पान उघडावयाचें. या साऱ्या इतिहासांत मला हीच ओळ सर्वांत मोलाची वाटते.

याच किल्लीनें नोंदींचे गट पाडण्याची युक्ति ओरॅकल कंपनींतील स्टीव्ह म्यूंच यांच्या नांवानें प्रसिद्ध झाली. प्रत्येक खात्यांतील पहिली नोंद निवडावयाची, हें तिचें बीज. युक्ति चतुर खरी, पण वाचणाराला कोडें घालणारी. २३ जानेवारी २००७ रोजीं निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीनें गट पाडण्यास स्वतंत्र आज्ञा दिली, आणि किल्ली कोणत्या फायलींत चालवावयाची हेंही सांगण्याची सोय केली. तोंवर किल्ली हाताशीं असलेल्या फायलीपुरतीच चाले. दुसरींत डोकावण्यासाठीं आधीं तिच्यांत जाऊन उभें राहावें लागे.

एका ग्रंथालयाची अशीच सूची करण्याचें काम मजकडे आलें होतें. फेऱ्यांची लांबलचक आज्ञावली मीं चालविली. यादी निघाली, सारें ठीक दिसलें. पुढें तीच आज्ञावली किल्लीनें पुन्हां लिहिली. ती इतकी आटोपशीर झाली कीं, एक प्रश्न आपोआप उघडा पडला: पान सांपडलेंच नाहीं, तर काय? जुन्या आज्ञावलींत हा प्रश्न कोठेंच विचारलेला नव्हता. न जुळलेलें पुस्तक निमूटपणें गळे. अशा पुस्तकांची वेगळी यादी काढली, तेव्हां उलगडा झाला. कांहीं क्रमांकांच्या शेवटीं एक मोकळी जागा पडलेली होती. आपल्या डोळ्यांस ती दिसत नाहीं. संगणकाच्या लेखीं मात्र तो निराळाच लेखक. किल्ली मांडतांना व लावतांना ही जागा छाटण्याची आज्ञा घातली, आणि वाचकांना आम्हीं 'आमच्याकडे नाहीं' म्हणून सांगितलेलीं पुस्तकें सूचींत परत आलीं. तीं सारा वेळ कपाटांतच होतीं. ग्रंथपालांपुढें जाऊन हें कबूल करणें मात्र कोणत्याही किल्लीनें सोपें केलें नाहीं.