धूर, वाफ आणि शेजारचा माणूस

आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण आमच्या काळी शाळेच्या शिक्षक-खोलीतसुद्धा बिनदिक्कत सिगारेट ओढली जायची. एसटीत धूम्रपान करू नये अशी पाटी असायची आणि त्या पाटीखालीच विडी पेटायची. खोकला आलाच तर आपण खिडकी उघडायची, एवढाच काय तो उपाय!

हे बदललं, कारण शेजारी बसलेल्या माणसाच्या बाजूने कोणीतरी कोर्टात गेलं. १९९९ साली केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. मग मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दवाखाने, शाळा, वाचनालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि बस इथे देशभर बंदी घातली. आधार होता घटनेतल्या जगण्याच्या हक्काचा. जो ओढत नाही त्याने दुसऱ्याचा धूर का गिळायचा, इतका साधा प्रश्न! पुढे २००३ चा कायदा झाला. २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी खासगी कचेऱ्या, हॉटेलं, मॉलसुद्धा त्यात आले. दंड दोनशे रुपयांपर्यंत.

पण या कायद्याच्या व्याख्येत शब्द आहे 'तंबाखूचे धूम्रपान'. ई-सिगारेटमध्ये, म्हणजे ज्याला मुलं 'व्हेप' म्हणतात त्यात, तंबाखू जळतच नाही. बॅटरीवर द्रव तापतो आणि वाफ निघते. बहुधा त्या द्रवात निकोटिन असतं. मग त्याला धूम्रपान म्हणायचं का?

सरकारने या प्रश्नाला हात न घालता दुकानच बंद केलं. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आला, डिसेंबरमध्ये कायदा. शब्द मोजायची जुनी खोड, म्हणून त्या कायद्याचं लांबलचक नाव मोजलं. उत्पादन, निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण, जाहिरात. नऊ शब्द! विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दहावा शब्द, 'ओढणे', मात्र नाही.

विक्रीबंदी योग्यच आहे. कोवळ्या पोरांना नवं व्यसन लागू नये, हे कोणीही मान्य करील. पण चोरून आणलेली ती नळी बंद खोलीत कोणी तोंडाला लावली, तर बाजूला बसलेल्याने कोणतं कलम दाखवायचं? २००१ चा निकाल त्या माणसाकडे पाहून दिला होता. २०१९ चा कायदा दुकानदाराकडे पाहून लिहिला आहे. २००३ च्या व्याख्येत धुराशेजारी वाफेचा एक शब्द घातला, तरी काम भागेल.