भिंत उंच झाली, झाडू तोच राहिला

31 मार्च 2015 च्या पहाटे नागपूरच्या मध्यवर्ती तुरुंगातून पाच कच्चे कैदी पळाले. बराकीचे गज कापले, भिंत ओलांडली, पसार. दीक्षाभूमीपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावरचा हा तुरुंग. गृहखातं तेव्हा खुद्द मुख्यमंत्री फडणवीसांकडे, आणि तेही नागपूरचेच. मग काय, एकच धावपळ. अधिकारी निलंबित झाले. झडत्या झाल्या, आत मोबाइल सापडले. सीसीटीव्ही, जॅमर, जादा पहारा यांची भाषा सुरू झाली. याला म्हणायचं सुधारणा!

मित्रांनो, आपल्याला तुरुंग नवा नाही. 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेसरशी लाखांवर माणसं आत गेली, बायाबापड्या लेकरं काखेत घेऊन गेल्या. ती आपल्या पायांनी गेली. आज आत सडतात त्यांना कोणी हाक दिलेली नाही.

आपल्या गोंदियाचंच घ्या. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून तोडून जिल्हा केला. जिल्हा वेगळा झाला, पण तुरुंग भंडाऱ्यालाच राहिला. त्यानंतर कितीक वर्षं गोंदियाचा आरोपी भंडाऱ्याला नाहीतर नागपूरला. त्याची माय बिड्या वळणारी. मुलाखतीला जायचं तर लोकलनं वरठी, तिथून पुढं भंडारा. एक रोजी बुडाली, भाड्याचे पैसे वेगळे. कोर्टात हजर करायचं तर पोलीस बंदोबस्त पायजे. तो मिळाला नाही की तारीख पुढं. जामीन झाला तरी जामीनदार कुठून आणायचा? सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस आमच्या वस्तीत शोधून दाखवा.

म्हणून आत गर्दी. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यातले 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे शंभरातले पंचाहत्तर गुन्हा शाबित न होताच आत. गर्दी झाली की पहारा अपुरा पडतो, पहारा अपुरा पडला की पैसा चालतो, आणि पैसा चालला की गज कापायचं पातंही आत येतं. न्यायमूर्ती मुल्ला समितीनं 1983 मध्येच कच्च्या कैद्यांची गर्दी कमी करा म्हणून सांगितलं होतं. अहवाल फायलीत झोपला. भिंत वाढवणं सोपं असते, कंत्राट निघते.

आणि त्या भिंतीच्या आत काय चालते? आमच्या वस्तीतला एक पोरगा चोरीच्या संशयावरून आत गेला. कोणत्या तुरुंगात ते लिहीत नाही. दारातच जात विचारली आणि संडासाचा झाडू हातात दिला. शेजारच्या बराकीतला त्याच्याच वयाचा, वरच्या जातीचा पोरगा मुदपाकखान्यात गेला. 1950 पासून संविधानात कलम 17 आहे, पण ते त्या दारापर्यंत पोचायचं होतं.

पोचायला 2024 उजाडलं. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातीच्या कामवाटपावर लिहिलं, मग सुप्रीम कोर्टात गेल्या. 3 ऑक्टोबर 2024 ला सरन्यायाधीश चंद्रचूडांच्या पीठानं सांगितलं, जातीवर काम वाटणारे नियम घटनाबाह्य. रजिस्टरातला जातीचा रकाना काढा, विमुक्त जमातींना जन्मजात सराईत समजणं बंद करा, तीन महिन्यांत नियमावल्या बदला. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 ला गेला होता, पण तुरुंगाच्या पुस्तकात तो जिवंतच होता! पाच माणसं पळाली म्हणून रात्रीतून हुकूम निघाले. लाखोंच्या हातात झाडू होता, त्याचा हुकूम निघायला बातमी लागली आणि याचिका लागली.

आता कामाचं. 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 लागू आहे. पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचं आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि ज्यांच्यावर एकाहून जास्त खटले आहेत ते सोडून. अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानं करायचा आहे. तो करतो का, हे बघायला कोणी जात नाही. आपण जायचं. वहीत लिहा: नाव, कलम, आत गेल्याची तारीख. आणि मुलाखतीच्या जाळीतून एक प्रश्न विचाराच, आत काम कोणतं दिलं?