समुद्रतळाचा चिखल आणि वेगाचा हिशेब

भंडाऱ्याकडील आंधळगावच्या धानाच्या बांधींत रोवणीच्या दिवसांत उतरणाऱ्या माणसास एक गोष्ट कोणीं शिकवावी लागत नाहीं. घट्ट चिखलांत काठी झटक्यानें खुपसली तर चिखल तिला अडवितो. तीच काठी टेकून उभें राहिलें तर ती हळूहळू आंत जाते. मुंबई बंदराच्या तळाशीं असलेल्या मऊ, चिकट मातीचीही हीच तऱ्हा आहे. आणि तेथें या साध्या गोष्टीवर मोठमोठ्या भरावांचें भवितव्य अवलंबून असतें.

अशा मातीचा नमुना वर काढतांनाच बिघडतो. म्हणून ती जागच्या जागीं तपासण्याची युक्ति निघाली. स्वीडनमध्यें जॉन ओल्सन यांनीं १९२८ सालीं मातींत पातीं फिरवून तिचें बळ मोजलें. हॉलंडमध्यें बारेंट्सन यांनीं १९३२ सालीं शंकु दाबून पाहिला. पुढें शंकूचा वेग सेकंदाला २ सेंटिमीटर व पात्यांचा मिनिटाला सुमारें ६ अंश असा ठरून गेला.

वेग ठरला तरी प्रश्न सुटला नाहीं. पात्यांखालीं माती कांहीं मिनिटांतच तुटते. भरावाचें ओझें मात्र तिच्यावर आठवडेच्या आठवडे चढत असतें. नॉर्वेचे लॉरिट्स ब्येरुम यांनीं ढासळलेल्या भरावांचे हिशेब पुन्हां तपासले, तों कागदावर त्यांतले बरेच सुरक्षित ठरत होते! माती जितकी कणकेसारखी मळतां येणारी, तितकी ही फसगत मोठी. १९७२ सालीं त्यांनीं मोजलेल्या बळास एका गुणकानें गुणावयास सांगितलें. कमी मळणाऱ्या मातीस तो १ च्या आसपास असतो, अतिशय मळणाऱ्या मातीस ०.६ पर्यंत उतरतो. मुंबईची समुद्री माती बरीच मळणारी; तेव्हां उपकरणाचा आंकडा तसाच उचलणें तेथें धोक्याचें.

जहाजावरून सोडून दिलेला शंकु तर सेकंदाला कित्येक मीटर वेगानें तळांत शिरतो. दयाल व ॲलन यांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वेगाबरोबर चिकणमातीचा विरोध वाढलेला दिसला; वाळूस त्याचें फारसें सोयरसुतक नव्हतें. ढोबळ मानानें, वेग दसपट झाला कीं बळ दहाएक टक्के अधिक भासतें, शंभरपट झाला कीं वीसएक टक्के. हा आंकडा मातीगणिक बदलतो. बरें, फार हळू जावें तर पाणी निसटून माती घट्ट होते आणि आंकडा पुन्हां फुगतो.

१२ जानेवारी २०२४ रोजीं उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु हा चिखल ओलांडून खालच्या खडकावर पाय रोवून उभा आहे. भरावास ती सोय नाहीं. त्यास चिखलावरच बसावें लागतें, म्हणून तो थराथरानें चढवावा लागतो, आणि प्रत्येक थरानंतर खालचें पाणी निघून जाण्याची वाट पहावी लागते.