घरच्या पोहण्याच्या तलावातील क्लोरीन आणि स्टॅबिलायझर : गोव्यातील वर्षभराची निगा

आपल्या काही सभासदांच्या परसात आता विहिरीसोबत पोहण्याचा छोटा तलावही आहे. सुट्टीत नातवंडे, भाचरे जमली की दिवसभर मुक्काम तिथेच असतो. अशा तलावाची निगा साधारणपणे आठवड्यातून दोन-तीनदा येणाऱ्या माणसावर सोपवलेली असते आणि तो तरंगत्या डबीत गोळ्या टाकून जातो. त्या गोळ्यांतून क्लोरीनबरोबर आणखी काय पाण्यात जाते, हे घरातल्या एका तरी व्यक्तीला माहीत असावे, म्हणून आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

विहीर आणि तलाव यांतील फरक

पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पण विहिरीत ऊन फारसे उतरत नाही आणि तिच्यात कोणी डुंबत नाही. तलाव मात्र दिवसभर उघड्यावर असतो. नुसता क्लोरीन असलेल्या पाण्यावर भर दुपारचे ऊन पडले, तर तासाभरात त्यातला निम्मा क्लोरीन नाहीसा होतो. हे थांबवण्यासाठी पाण्यात सायन्युरिक आम्ल मिसळतात. यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. ते क्लोरीनला धरून ठेवते आणि उन्हापासून वाचवते.

मात्र जो क्लोरीन असा धरून ठेवलेला असतो, तो जंतू मारण्याच्या कामी लगेच येत नाही. म्हणून स्टॅबिलायझर जितके जास्त, तितका क्लोरीनही जास्त ठेवावा लागतो. साधा हिशोब असा, की मुक्त क्लोरीन स्टॅबिलायझरच्या निदान साडेसात टक्के असावा. स्टॅबिलायझर ४० पीपीएम असेल तर क्लोरीन किमान ३ पीपीएम हवा, १०० असेल तर साडेसात. (१ पीपीएम म्हणजे एका लिटरमागे १ मिलिग्रॅम.) क्लोरीन २ पीपीएम दिसत असूनही पाणी हिरवे होते, तेव्हा बहुधा स्टॅबिलायझर फार वाढलेले असते.

ठेवायची प्रमाणे

- मुक्त क्लोरीन : ३ ते ४ पीपीएम
- स्टॅबिलायझर : ३० ते ५० पीपीएम
- सामू (पीएच) : ७.२ ते ७.८

सामू ८ च्या वर गेला की क्लोरीनची ताकद बरीच घटते. त्यामुळे क्लोरीन वाढवण्याआधी सामू पाहावा.

गोळीत काय असते

बाजारात मिळणारी पांढरी २०० ग्रॅमची गोळी बहुधा ट्रायक्लोरची असते. डब्यावर ‘टीसीसीए ९०’ असे लिहिलेले असते. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्यात एक गोळी पूर्ण विरघळली की क्लोरीन ४ पीपीएमने आणि स्टॅबिलायझर सुमारे अडीच पीपीएमने वाढते. क्लोरीन दोन दिवसांत संपतो. स्टॅबिलायझर ना उन्हाने जाते, ना बाष्पीभवनाने. दिवसाआड एक गोळी टाकली तर महिन्याला ३७ पीपीएमची भर पडते आणि तीन महिन्यांत आकडा शंभरावर जातो.

एसडीआयसी नावाच्या दाणेदार पावडरीतही स्टॅबिलायझर असतेच. द्रव क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइट) आणि ब्लीचिंग पावडर यांत ते नसते. वरील तलावात क्लोरीन २ पीपीएमने वाढवायला १० टक्क्यांचा द्रव क्लोरीन सुमारे ९०० मिलिलिटर लागतो. आपल्याकडच्या उष्म्यात त्याची ताकद लवकर उतरते, म्हणून मोठा साठा करू नये आणि कॅन सावलीत ठेवावा. ब्लीचिंग पावडर वापरायची असेल, तर आदल्या रात्री बादलीभर पाण्यात कालवून ठेवावी आणि वरचे निवळ पाणीच तलावात ओतावे. खाली बसलेला चुना फिल्टरमध्ये जाऊ देऊ नये.

गोव्याचे वर्ष

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. १.४ मीटर खोल तलावावर हे पाणी पडते म्हणजे जवळजवळ दोन तलाव भरतील इतके ताजे पाणी त्यात येते आणि तितकेच बाहेर वाहून जाते. या काळात गोळ्या बंद ठेवल्या आणि पंप चालवून पाणी नीट मिसळत राहिले, तर मे महिन्यातले १०० पीपीएम स्टॅबिलायझर सप्टेंबरअखेर १५ च्या आसपास उतरू शकते. पंप बंद असेल तर पावसाचे पाणी वरच्या वर निघून जाते आणि हा फायदा मिळत नाही. त्यावरून पुढील क्रम ठेवता येईल.

*ऑक्टोबर :* आधी स्टॅबिलायझर तपासावे. १५ असेल तर दिवसाआड एक याप्रमाणे दहा गोळ्यांत, म्हणजे वीस दिवसांत, ते ४० वर येते. गोळ्यांनी सामू उतरतो, तिकडे लक्ष ठेवावे.

*नोव्हेंबर ते मे :* गोळ्या थांबवून रोज संध्याकाळी द्रव क्लोरीन घालावा. सूर्य मावळल्यावर घातलेला क्लोरीन रात्रभर काम करतो. महिन्यातून एकदा स्टॅबिलायझर मोजावे.

*जून ते सप्टेंबर :* द्रव क्लोरीनच वापरावा आणि पंप चालू ठेवावा. पोहायला कोणी येणार नसले, तरी साचलेल्या पाण्यात डास वाढतात, त्यामुळे निगा सोडू नये. भर पावसात तलाव पूर्ण रिकामा करू नये. जमिनीतील पाण्याची पातळी वर आलेली असते आणि खालच्या दाबाने तलावाचा तळ उचलला किंवा तडकला जाऊ शकतो.

स्टॅबिलायझर वाढलेच तर

यावर घरगुती उपाय एकच, पाणी बदलणे. १०० वरून ४० वर यायला साठ टक्के पाणी काढावे लागते, म्हणजे ४५,००० पैकी २७,००० लिटर. एप्रिल-मे महिन्यांत नळाला पाणी कमी असते आणि टँकर मागवावे लागतात, तेव्हा हे जड जाते. म्हणून ऑक्टोबरपासूनचे नियोजन महत्त्वाचे. पाणी काढायचे झाल्यास आधी चार-पाच दिवस क्लोरीन बंद ठेवून तो शून्यावर आल्याची खात्री करावी आणि मगच पाणी सोडावे. ते विहिरीजवळ, ओढ्यात किंवा कुळागरात जाणार नाही हे पाहावे.

तपासणी

केवळ पिवळा रंग दाखवणारी स्वस्त पेटी मुक्त क्लोरीन वेगळा दाखवत नाही. गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी घ्यावी. क्लोरीन खूपच जास्त असला तर हा गुलाबी रंग विरून जातो आणि क्लोरीन नाहीच असे वाटते. शंका आल्यास नमुन्यात साधे पाणी मिसळून पुन्हा पाहावे. स्टॅबिलायझरच्या चाचणीत पाणी दुधाळ होते आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की पाण्याची उंची वाचतात. ही चाचणी दिवसाउजेडी करावी.

रात्री आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी क्लोरीन मोजावा. ऊन नसतानाही तो १ पीपीएमहून अधिक उतरला असेल, तर पाण्यात शेवाळ धरू लागले आहे.

सुरक्षितता

- ट्रायक्लोर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, एकाच डब्यात वा एकाच मापाने घेऊ नये. स्फोट होऊ शकतो.
- क्लोरीन आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी वायू निघतो. दोन्ही वेगळ्या खोल्यांत ठेवावीत.
- औषध पाण्यात घालावे, औषधावर पाणी ओतू नये.
- तलावाच्या गोळ्या पिण्याच्या विहिरीत टाकू नयेत.
- जुलाब होत असलेल्या मुलाला तलावात उतरवू नये. काही जंतू क्लोरीनमध्येही कित्येक दिवस तग धरतात.

तलावाजवळच्या भिंतीवर एक वही टांगून ठेवावी आणि तारीख, क्लोरीन, सामू, स्टॅबिलायझर व घातलेले औषध असे पाच रकाने आखावेत. काम करणारा माणूस बदलला तरी वही राहते, आणि मुले पाण्यात उतरण्यापूर्वी घरातील कोणालाही त्यात शेवटची नोंद पाहता येते.